मांजराचा चावा आणि आपली बेफिकिरी

मांजर आडवे गेले तर चार पावले मागे फिरणारा मनुष्य, तेच मांजर हाताला चावले असता दवाखान्याकडे एक पाऊलही टाकीत नाही. कुत्रा चावला म्हणजे सारे घर हादरते, शेजारी धावतात, इंजेक्शनांची चौकशी सुरू होते. मांजर चावले तर मात्र बोट क्षणभर नळाखाली धरावे, वर हळद चेपावी, की प्रकरण मिटले! ही समजूत केवळ चुकीची नव्हे, तर घातक आहे.

सानपाड्याच्या रहिवाशांनी तर या प्रश्नाकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. एका अंगाला जुने गावठाण, दुसऱ्या अंगाला सिडकोने वसविलेली सेक्टरे, आणि हाकेच्या अंतरावर धान्य, फळे व भाजीपाला यांची अवाढव्य घाऊक बाजारपेठ. जेथे बाजार तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे मांजर, हा सृष्टिक्रमच होय. जिन्यात, वाहनतळावर, मासळीवाल्यांच्या पाटीपाशी मांजरे वावरतात. मुले त्यांना उचलून घेतात, दयाळू माणसे त्यांना दूध घालतात. त्याविषयी आमची तक्रार नाही. भूतदया हा गुणच आहे; पण तिला सावधगिरीची जोड हवी.

मांजराचे दात सुईसारखे बारीक व अणकुचीदार असतात. वरून टिंबाएवढी दिसणारी जखम आत सांध्यापर्यंत किंवा स्नायुबंधापर्यंत पोहोचलेली असते. त्याच्या तोंडातील पाश्चुरेला नावाचे जंतू त्या खोल छिद्रात सोडले जातात आणि वरची त्वचा मिटून जाते. मग बहुधा एका दिवसाच्या आतच हात सुजतो, लाल होतो, ठणकू लागतो. हाताच्या अशा जखमेची हयगय झाली तर शस्त्रक्रियेची पाळी येते आणि प्रसंगी बोट कायमचे ताठ होते. अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांचे संयुक्त औषध अशा वेळी डॉक्टर सामान्यतः देतात. घरात उरलेली कोणतीही गोळी घेऊन भागत नाही, कारण नेहमीच्या वापरातील काही प्रतिजैविके या जंतूंवर फारशी चालत नाहीत. धनुर्वाताच्या लशीचीही विचारपूस त्याच वेळी व्हावयास पाहिजे.

दुसरे भय रेबीजचे. भारतात हा रोग मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो, हे खरे. २०२१ साली आखलेल्या राष्ट्रीय योजनेचा रोखही २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करण्यावरच आहे. परंतु पिसाळलेला कुत्रा ज्या मांजराला चावतो, ते मांजरही माणसाला हा रोग देऊ शकते. मांजरापासून रेबीज क्वचितच होतो, मग एवढा गवगवा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, लक्षणे एकदा दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जेथे चुकीची किंमत प्राण ही आहे, तेथे शक्यता अल्प असल्याचे समाधान मानणे शहाणपणाचे नव्हे.

उपाय मात्र सोपा आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही भरू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्त आले असेल तर लशीबरोबरच रेबीज इम्युनोग्लोब्युलिन जखमेत व तिच्या भोवती टोचावे लागते. मांजर दहा दिवस धडधाकट राहिले तर पुढील मात्रांचा फेरविचार डॉक्टर करू शकतात. पण दहा दिवस वाट पाहून मग लस घेणे हा जिवाशी खेळ आहे. पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती अद्याप पुष्कळांच्या मनात आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आताची लस दंडात, मोजक्या खेपांत दिली जाते आणि सरकारी व महापालिका रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते.

नवी मुंबई महापालिकेकडे आमचे मागणे माफक आहे. रात्री अकरा वाजता सानपाड्यातील एखाद्या मुलाला मांजर चावले, तर त्याला वाशीच्या रुग्णालयात न्यावे की अन्यत्र, आणि लस व इम्युनोग्लोब्युलिन ही दोन्ही त्या वेळी कोठे मिळतील, याचे उत्तर प्रत्येक सोसायटीच्या, शाळेच्या आणि गावठाणातील देवळाच्या फलकावर लिहिलेले असावे. त्यावर ‘कुत्रा’ या शब्दाशेजारी ‘मांजर’ हाही शब्द ठळक असावा. पालकांनीही एक पथ्य पाळावे. बोलणी बसतील या धाकाने मूल ओरखडा लपविते. म्हणून चावल्याचे सांगणाऱ्या मुलाला रागावू नये. लहान जखम वेळीच सांगितली गेली, तरच तिच्यावर वेळीच इलाज होईल.