मधली तुळई

मराठीच्या मास्तराने मेंदूच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे विज्ञान शाखेतील सहकारी म्हणतात. पण ज्याचा जन्म मात्रा मोजण्यात गेला, त्याला तालाचे कुतूहल असणारच!

१६६५ साली हेग शहरी ख्रिस्तियान हायगेन्स आजारी पडून होता. समोर एकाच आधारावर त्याची दोन लंबकाची घड्याळे टांगलेली. पाहतो तो काय, दोन्ही लंबक नेमके परस्परांच्या उलट झुलताहेत! त्याने मुद्दाम मेळ बिघडवला; अर्ध्या तासात तो पुन्हा जमला. घड्याळे दूर नेताच मात्र मोडला. ताल ज्याचा त्याचा होता. मेळ घातला तो मधल्या तुळईने.

मेंदूतही हेच घडते. तेथल्या सुमारे ८,६०० कोटी पेशी जणू वस्त्या करून राहतात. वस्तीत दाट घरोबा, वस्ती-वस्तीत मोजके धागे. १९२४ साली येना येथे हान्स बर्गर याने माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लहरी टिपल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात त्या सेकंदाला सुमारे दहा. एकट्या पेशीचा आवाज कवटीबाहेर येत नाही. असंख्य पेशी एकदम बोलल्या तरच येतो. मधले धागे किती बळकट आणि निरोप पोचायला किती वेळ लागतो, यावरच वस्त्या एकदम डोलणार, आळीपाळीने डोलणार, की आपापल्या तालात राहणार, हे ठरते.

मग सगळ्याच एका तालात आल्या तर उत्तम नव्हे काय? मुळीच नव्हे! तेच फेफरे. १९४०च्या सुमारास अमेरिकेत विल्यम व्हॅन वागेनेन या शल्यविशारदाने काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला तंतूंचा पूल छेदला. आग पलीकडच्या वाड्यात जाऊ नये म्हणून. काहींचे झटके कमी झाले. पण पुढे रॉजर स्पेरी यांनी पूल तुटलेल्या अशा रुग्णांना तपासले, तेव्हा न पाहता डाव्या हातात दिलेली वस्तू त्यांना ओळखता येई, तिचे नाव मात्र सांगता येईना! म्हणजे धागे तोडूनही भागत नाही.

आपल्याकडे कुणाला फेफरे आले की अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवायला धावतात. कृपा करून तसे करू नका. तोंडातही काही कोंबू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर सारा, डोक्याखाली मऊ काही द्या, कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबले नाही तर डॉक्टरांकडे न्या. त्याला भूतबाधा झालेली नाही. त्याच्या मेंदूतले शेजारी घटकाभर नको इतके एकजुटीने वागले, एवढेच!