जीर्णोद्धार उंबरठ्याचाही व्हावा

महाशिवरात्रीच्या पुण्यपर्वावर द्वादश ज्योतिर्लिंगांचे स्मरण करू लागताच मुखी पहिले नाव येते ते सौराष्ट्रातील सोमनाथाचे. प्रभासपाटणच्या समुद्रतीरी उभ्या असलेल्या या देवस्थानाने विध्वंस वारंवार पाहिला, तसा उद्धारही पाहिला. माळशिरस परिसरात जुन्या देवळांच्या जीर्णोद्धाराचा उत्साह दिसत असताना त्या उद्धाराचे मर्म जाणणे अगत्याचे आहे.

मूळ स्थान भग्न असता पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांनी 1783 साली तेथून जवळच स्वतंत्र मंदिर उभारले व शिवलिंगाची स्थापना भूमितलाखालील गाभाऱ्यात करविली. अनुकूल काळाची वाट पाहत त्या साध्वीने पूजा खोळंबू दिली नाही. पुढे 13 नोव्हेंबर 1947 रोजी सरदार वल्लभभाई पटेलांनी त्याच सागरतीरी पुनर्निर्माणाचा संकल्प सोडला. हे कार्य सरकारी तिजोरीतून न होता लोकांच्या देणगीतून व्हावे, ही महात्माजींची सूचना त्यांनी शिरोधार्य मानली. सरदार 15 डिसेंबर 1950 रोजी निवर्तले. परंतु 11 मे 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या उपस्थितीत प्राणप्रतिष्ठा झाली. त्या विधीचे पौरोहित्य आपल्या वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी केले, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय.

तथापि या सोहळ्याचे खरे तेज शिखराहून दारात अधिक होते. हरिजनांसह सर्व हिंदूंना मंदिर खुले राहील, असे विश्वस्तपत्रातच नमूद करण्यात आले. काही कर्मठांनी नाके मुरडली. पण दार उघडेच राहिले. ‘उद्धार’ म्हणजे वर काढणे. दगड वर चढवायचा आणि माणूस पायरीखाली ठेवायचा, याला उद्धार कसे म्हणावे?

हा धडा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरी प्राण पणाला लावून उपोषण केले, ते विठुरायाचे दार हरिजनांना मोकळे व्हावे म्हणूनच. माऊलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या वाटेने जाते, तेव्हा वारकरी एकमेकांच्या पायी लागतात. त्या क्षणी जात कोणी पुसत नाही. मग वारी सरल्यावर गावच्या देवळातच ती का आठवावी?

कोणी म्हणेल, कायद्याने दारे केव्हाच उघडली. आता हा विषय कशाला? खरे आहे. परंतु पालखीला खांदा देण्याचा मान काही ठराविक घरांचाच असेल, महाप्रसादाच्या पंगतीत कोणाला शेवटी बसावे लागत असेल, किंवा वर्गणी सर्वांकडून घेऊन समितीत एखाद्या आळीचे नावच नसेल, तर दार उघडे असूनही उंबरठा आडवाच म्हणावा लागेल.

नूतन मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे आपली परंपरा मानते. ते पुण्य जोडू इच्छिणाऱ्या भाविकांना माझी हात जोडून विनंती आहे : संगमरवर, रंग आणि देणगीदारांचा फलक यांचा विचार मागाहून करावा. आधी सर्व आळ्यांना निमंत्रण धाडावे, समितीत सर्वांना स्थान द्यावे आणि कलशारोहणाच्या दिवशी एकच पंगत मांडावी. भोळ्या शंकराला बिल्वदलही पुरते; मात्र ते वाहणारा कोणताही हात आपण अडवू नये.