नेता कोणत्या घरचा?

निवडणूक जवळ आली की आपल्या गावोगावच्या बैठकांतून पहिला प्रश्न एकच विचारला जातो : उमेदवार आपला आहे काय? तो कोणाचा मुलगा, कोणत्या समाजाचा, त्याची सोयरीक कोठे, इतके कळले की पुढचे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. आपण मराठी लोक संख्येने थोडे. बेस्ट लूझरच्या हिशेबात आपण हिंदू या मोठ्या सदरात मोजले जातो. त्यामुळे मंत्रिमंडळात 'आपला एक' आहे की नाही, इकडे आपले डोळे लागलेले असतात. ही सवय वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ती अपुरी आहे, असे मात्र आमचे मत आहे, आणि ते पटविण्यासाठी वाचकांना आज हॉलंडात नेतो. तेथील लोक १५९८ साली आपल्या बेटावर उतरले आणि आपल्या राजपुत्राचे नाव ठेवून गेले. डोडो संपला, त्यांनी आणलेला ऊस राहिला. त्यापलीकडे त्यांच्याविषयी आपण फारसे वाचत नाही.

समाजाच्या मोजणीत तो देश आपल्याला कमी नव्हता. कॅथलिकांची शाळा वेगळी, प्रॉटेस्टंटांची वेगळी. वर्तमानपत्र, रेडिओ, इस्पितळ, कामगार संघटना, फार काय, फुटबॉलचा क्लबही ज्याचा त्याचा. समाजवाद्यांनीसुद्धा आपले वेगळे जग उभारले होते. १९१७ मध्ये राज्यघटना बदलून धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकाच पैसा देण्याचे ठरले, तेव्हा या भिंती आणखी पक्क्या झाल्या. कॅथलिक घरातले मत कॅथलिक पक्षाला, हे गृहीतच असे. १९६० नंतर या भिंती ढासळू लागल्या, आणि त्याच काळात दोन पुढारी समोरासमोर आले.

योप देन आउल यांचा जन्म १९१९ चा, हिल्फर्सम गावचा. घर कडक कॅल्विनपंथी. तरुणपणी त्यांची श्रद्धा सुटली, पण उपदेशकाचा आवेश सुटला नाही. अर्थशास्त्र शिकले, युद्धानंतर पत्रकारी केली, मजूर पक्षाच्या अभ्यास संस्थेचे संचालक झाले. १९७३ मध्ये ते पंतप्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळाच्या सभा मध्यरात्र उलटली तरी चालत. प्रत्येक कागद वाचायचा, प्रत्येक मुद्दा पुन्हा उकरायचा, असा खाक्या. त्याच वर्षी तेलाची टंचाई आली तेव्हा रविवारी मोटारी बंद झाल्या, आणि पंतप्रधानांनी दूरदर्शनवर येऊन लोकांना सांगितले की पूर्वीचे दिवस परत येणार नाहीत.

द्रीस फान आख्त त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ब्राबांट प्रांतातील खेल्द्रॉप या गिरण्यांच्या गावचे, कॅथलिक. नाइमेखनच्या कॅथलिक विद्यापीठात ते फौजदारी कायद्याचे प्राध्यापक होते. सायकलीचा मोठा शौक. भाषा मात्र जुन्या पोथीतली, वळणावळणाची. ती ऐकून कोणी हसे, कोणी मोहून जाई. देन आउल यांच्या मंत्रिमंडळात ते न्यायमंत्री आणि उपपंतप्रधान होते. १९७६ मध्ये त्यांनी एक गर्भपाताचे इस्पितळ बंद करू पाहिले तेव्हा स्त्रियांनी ते ताब्यात घेऊन धरले, आणि फान आख्त यांना माघार घ्यावी लागली. त्यांना राजकारणाची हौस नाही असे लोक समजत. लोकांचा तो मोठा गैरसमज होता.

देन आउल यांचा एक निर्णय आपल्या जिव्हाळ्याचा आहे. सूरिनाममध्ये १८७३ पासून गिरमिटिये हिंदुस्थानी नेले गेले, जसे आपले पूर्वज येथे आले तसेच. त्यांचे नेते जगरनाथ लछमन अधिक अवधी व अधिक हमी मागत होते. देन आउल यांना मात्र वसाहत बाळगणे हीच लाजिरवाणी गोष्ट वाटे. त्यांनी हेन्क आरोन यांच्याशी बोलणी करून घाई केली आणि २५ नोव्हेंबर १९७५ रोजी सूरिनाम स्वतंत्र झाला. त्या एका वर्षात सुमारे ४० हजार माणसे देश सोडून हॉलंडला गेली; देशाची सारी वस्ती चार लाखांच्या आत होती. आपल्याकडे १९६७ मध्ये सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधी बाजूला पडली होती, आणि त्यानंतर किती घरांना कुलूप लागले, हे आपण विसरलो नाही. देन आउल यांचा हेतू शुद्ध होता. पण ज्यांच्या जिवाला घोर होता त्यांचे पुरते ऐकून घेण्याचा धीर त्यांना नव्हता.

मे १९७७ मध्ये मोलुक्कन तरुणांनी एक आगगाडी आणि एक प्राथमिक शाळा ताब्यात घेतली. मुले चार दिवसांनी सुटली, त्यांचे शिक्षक जवळजवळ तीन आठवडे अडकून होते. त्या संकटात दोघे पुढारी एका खोलीत बसून निर्णय घेत होते. ११ जूनला गाडीवर हल्ला झाला; सहा अपहरणकर्ते व दोन ओलीस मेले. देन आउल यांनी विजयाची भाषा वापरली नाही, हे आम्हांला मोठे वाटते.

त्या संकटातच २५ मेला निवडणूक झाली. १५० जागांपैकी मजूर पक्षाला ५३ मिळाल्या, फान आख्त यांच्या एकत्रित ख्रिस्ती यादीला ४९. आपल्याकडे आघाडी निवडणुकीआधी बांधतात, तेथे नंतर. बोलणी महिनोन्‌महिने चालली. कोणाला किती मंत्री, कोण मंत्री, गर्भपाताचे काय, एकेका शब्दावर अडून बसणे झाले. मजूर पक्षाने विजयाच्या कैफात दोरी ताणली, आणि फान आख्त यांनी ती तुटू दिली. मग ते उदारमतवादी पक्षाच्या हान्स वीखल यांच्याबरोबर हेगमधील एका उपाहारगृहात जेवले आणि ७७ जागांचे सरकार ठरले. निवडणुकीपासून २०८ दिवस गेले होते. ज्याने सर्वांत जास्त जागा जिंकल्या तो विरोधी बाकांवर बसला. याला कोणी लबाडी म्हणाले. आमच्या मते फान आख्त यांना थांबता येत होते, आणि देन आउल यांना फक्त वाद जिंकता येत होता.

१९८१ मध्ये नशिबाने दोघांना पुन्हा एकत्र आणले. फान आख्त पंतप्रधान, देन आउल त्यांच्या हाताखाली रोजगाराचे मंत्री. आपल्याकडे सर सिवसागर रामगुलाम आणि गेतां दुवाल १९६७ मध्ये एकमेकांवर तुटून पडले होते, तरी १९६९ मध्ये एका सरकारात बसले आणि ते काही वर्षे चालले. हॉलंडातले हे दोघे मात्र आठ महिनेच टिकले. बेकारी वाढत होती आणि हे खर्चावरून भांडत होते. मे १९८२ मध्ये मजूर पक्षाचे मंत्री बाहेर पडले. त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर फान आख्त यांनी अचानक राजकारण सोडले. देन आउल १९८७ मध्ये वारले. फान आख्त पुढे राजदूत झाले, म्हातारपणी पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलत राहिले आणि २०२४ मध्ये गेले. एक मजुरांचा, एक चर्चचा, एवढेच ठाऊक असलेल्या मतदाराला यातले काय आधी कळले असते?

त्यांच्यामागून रुड लुबर्स आले. रिकामी तिजोरी त्यांच्या पुढ्यात होती. १९८३ च्या शरद ऋतूत मोठे संप झाले, तरी सरकारी नोकरांच्या आणि शिक्षकांच्या पगारातून तीन टक्के कापले गेले.