बुद्धीच्या मापाने जीव मोजू नका

साथीचा रोग माणसामाणसांत भेद करीत नाही, असे आपण पुष्कळदा ऐकतो. वाचकहो, हे विधान अर्धेच खरे आहे. विषाणू भेद करीत नसेल, समाज करतो. कोरोनाच्या साथीत इंग्लंडमध्ये काय घडले ते पाहा.

नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने पहिल्या लाटेतील मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध केला. वयातील फरक जमेस धरूनही बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांत कोविडने झालेल्या नोंदीव मृत्यूंचे प्रमाण इतर जनतेच्या ४.१ पट भरले. १८ ते ३४ वर्षे वयाच्या तरुणांत तर ते ३० पट होते. मधुमेह, स्थूलता ही याची काही कारणे. अनेकजण शुश्रूषागृहांत एकत्र राहतात, तेथे संसर्ग लवकर पसरतो. कित्येकांना आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही.

परंतु सर्वच कारणे शरीरात नव्हती. २० मार्च २०२० रोजी तेथे अतिदक्षता उपचारांविषयी एक मार्गदर्शिका निघाली. रोग्याला दैनंदिन कामांत किती मदत लागते, यावरून त्याचा दुबळेपणा मोजावा, असा तीत प्रघात होता. म्हणजे धडधाकट तरुण, पण अंघोळीला आईची मदत लागते, एवढ्यावरून तो दुबळा ठरणार! निषेध झाला, आणि ही मोजपट्टी अशा लोकांस लावू नये, अशी दुरुस्ती पाचच दिवसांत करावी लागली. हृदय बंद पडल्यास ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये, असे शेरे काहींच्या कागदांवर त्यांना वा घरच्यांना न विचारता मारले गेले, हेही पुढे २०२१ च्या चौकशीत उघड झाले.

माणसाची किंमत दुसऱ्याने ठरविणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. मग आपल्याच घरातील अशा मुलाला पाहुणे आले की आतल्या खोलीत का बसवावे? जे मूल मोजले जात नाही, त्याच्यापर्यंत संकटकाळी मदतही पोहोचत नाही.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींचे हक्क सांगणारा २०१६ चा कायदा आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणे आपत्तीत त्यांना समान संरक्षण मिळालेच पाहिजे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने त्यांची नोंद ठेवावी व धोक्याची सूचना त्यांना द्यावी, असेही ते कलम सांगते. तेव्हा पुढील साथीची वाट पाहू नका. मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढा. त्याचे नाव त्या नोंदीत आहे काय, हे लेखी विचारा. त्याला काय आवडते, कशाची भीती वाटते, वेदना तो कशी दाखवितो, हे एका कागदावर लिहून ठेवा. दवाखान्यात तुम्ही जवळ नसाल तेव्हा तो कागदच त्याची वाणी होईल.

हे कोणाकडे दान मागणे नव्हे. जगण्याचा हक्क परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळवावयाचा नसतो.