उबदार कोपरा नव्हे, आरॅन्मोक

कोरियन कथांचे अनुवाद वाचताना एक प्रसंग आम्हांला अडवतो. रात्र झाली आहे, घरचे कुणी परतायचे आहे, आणि त्याच्या वाटणीच्या भाताचा झाकलेला वाडगा 'उबदार कोपऱ्यात' गोधडीखाली ठेवला आहे. मराठी वाचक हा कोपरा चुलीजवळचा समजून पुढे जातो. चूल मात्र भिंतीपलीकडे आहे. ऊब येते ती जमिनीतून.

ही ओन्दोलची जमीन. स्वयंपाकघर खोलीपेक्षा खालच्या पातळीवर. तिथल्या जाळाचा धूर आणि धग खोलीखालच्या दगडी पोकळ्यांतून वाहत पलीकडच्या धुराड्याने बाहेर पडते. वर सपाट दगड, त्यांवर माती, मातीवर तेल दिलेला जाड कागद. आपल्या वैलाची युक्ती हीच, एका जाळात दोन कामे. फरक इतकाच, की इथे वैलावर सबंध कुटुंब निजते. धग जिथून शिरते ती बाजू आरॅन्मोक, म्हणजे खालची. दूरची, गारठलेली ती विन्मोक. वडीलधारी माणसे आणि पाहुणे यांना आरॅन्मोकला बसवीत. कोण कुठे बसले एवढे लेखकाने सांगितले, की घरातली मानाची उतरंड सांगून झाली. 'उबदार कोपरा' म्हटल्याने माया तेवढी उरते. वाडग्याचा अर्थही तिथेच निसटतो: गैरहजर माणसासाठी घराने मानाची जागा राखलेली असते.

तळटीप हा यावरचा उपाय आम्ही मानत नाही. अडचण मराठीच्या पोटातली आहे. सारवलेली गार जमीन हे आपले सुख. 'गारवा', 'थंडावा' हे आपले कौतुकाचे शब्द. जमीन तापली म्हटले की आपल्याला वैशाख आठवतो. ऊब आपल्याकडे वरून येते, गोधडीची. नाहीतर समोरून, शेकोटीची. तेव्हा मूळ शब्दच ठेवावा, दोनचार प्रसंगांत त्याला वावरू द्यावे. 'समोवार' आपण रशियन कादंबऱ्यांतून असाच शिकलो.

अर्थात या जमिनीविषयीचा निव्वळ हळवेपणाही आम्हांला खटकतो. लाकूडफाट्याच्या जागी दगडी कोळशाच्या भोकाभोकांच्या वड्या आल्या, आणि १९६०-७०च्या दशकांत जमिनीच्या भेगांतून झिरपलेल्या कार्बन मोनॉक्साइडने कितीतरी माणसे झोपेतच गेली. हे ठाऊक नसेल तर त्या काळच्या कथेतली दारे लावून घेतलेली खोली वाचकाला कळणार नाही. पुढे गरम पाण्याच्या नळ्या आल्या. आज सेऊलच्या सदनिकांत खोलीची सगळी जमीन सारखीच तापते. २०१८ साली दक्षिण कोरियाने ओन्दोल-संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला खरा. पण जिथे विन्मोकच उरली नाही, तिथे आरॅन्मोक कुठली? भात तर विजेच्या कुकरातच गरम राहतो. तिथला तरुण वाचकही हा शब्द आता बहुधा आजीच्या बोलण्यातून, नाहीतर कथेतूनच शिकत असेल. मग मराठी विद्यार्थ्याला तो जड जाईल, ही भीती अनुवादकाने का बाळगावी?