शहर येते आहे, गावाला विचारा

शिवेवर चुन्याच्या रेघा पडल्या की दलाल आलाच समजा. जमीन विकू नका, असा उपदेश आम्ही करणार नाही. कापूस-ज्वारीत खर्चही निघत नाही, म्हणून सातबारा विकला जातो. विकण्याचा हक्क शेतकऱ्याचाच. पण एकाच्या ले-आऊटने दहा जणांची पांदण अडते, नाला बुजतो, शेजारच्या पऱ्हाटीत पाणी साचते. त्या दहा जणांना कोण विचारतो?

२१ सप्टेंबर २००८ रोजी रायगडमध्ये पेण भागातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रावर सरकारनेच मतदान घेतले. कौल विरोधात गेला. भाताच्या गावांना विचारता येते, तर कपाशीच्या गावांना का नाही?

शेतकरी भावांनो, ले-आऊटचा नकाशा आधी ग्रामसभेत मांडा, असा ठराव येत्या ग्रामसभेत घ्या.