सर्वसेनाच्या गावात काकोडकर

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात तिथे राज्य करणाऱ्या वाकाटक सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' रचलं. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो, त्याची ही कथा. मूळ काव्य आज हाती नाही, पण आनंदवर्धन आणि कुंतक यांच्यासारख्या जाणत्या काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली. काव्यशास्त्रकार राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या या रूपकातल्या जोडप्याचं लग्नच या गावात लावून दिलं. ज्या मराठीला असा वारसा, तिच्यात प्रेमकथा लिहिणारा हलका कसा ठरला? चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून हातोहात जायच्या; घरात मात्र त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर चढायचं आणि जागा मिळायची उशीखाली. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली निर्दोष सोडलं. लेखकाची एवढी वर्षं गेली, त्याचं काय? रुसवा, अबोला, मनधरणी खरी वाटेल अशी लिहायला कसब लागतं, आणि ते समीक्षेने कधी नीट तपासलंच नाही. वाशिमच्या वाचनालयांनी सर्वसेनाच्या नावाने प्रेमकथांचं एक कपाट मांडावं, आणि त्यात काकोडकर बिनकव्हरचे, दर्शनी ठेवावेत.